पलंगाला लागून बाळाची जागा

पहिलं बाळंतपण आहे, गणपतीच्या आसपासची तारीख मिळाली आहे. ऑनलाइन बेडसाइड कॉट (पलंगाला चिकटवून ठेवायची बाळाची खाट) 11 हजारांची बघून ठेवली आहे. गावातले सुतार सागवानात तेवढ्यातच करून देतो म्हणतात. आमचा पलंग खाली बॉक्सचा आहे. काय घ्यावं? (एक वाचिका, खानापूर)

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्यच उत्तर देऊन जातं. बाजारातल्या बहुतेक बेडसाइड कॉटचे पाय पलंगाच्या खाली सरकतील असे आत वळवलेले असतात. बॉक्सचा पलंग जमिनीपर्यंत बंद. पाय आत गेलेच नाहीत तर कॉट पलंगाला चिकटत नाही आणि मध्ये फट राहते. या सगळ्या प्रकारात बाळाला खरा धोका कशाचा असेल तर या फटीचा. अंग फटीत घसरतं, तोंड गादीच्या कडेवर दाबलं जातं, आणि एवढंसं बाळ मान फिरवून स्वतःला सोडवू शकत नाही. तेव्हा सुताराकडेच जा, पण त्यांना नुसतं 'चार बाय दोन' सांगून येऊ नका.

आधी बाळाची गादी आणा, मग त्या मापाचा कॉट सांगा. उलट केलं की गादी दोन बोटं लहान निघते. गादी 5 सेंमी जाडीची, दाबलेल्या काथ्याची किंवा घट्ट फोमची. हाताचा पंजा जोरात दाबून उचला. ठसा राहिला तर ती गादी नको. पिंजून घेतलेली कापसाची मऊ गादी मोठ्यांच्या पाठीला सुख देते, पण बाळाच्या नाकातोंडाशी तिचा खळगा होतो.

उंचीचा हिशेब असा. समजा पलंगाची फळी जमिनीपासून 46 सेंमीवर आहे, वर 12 सेंमीची गादी, म्हणजे 58. गादीवर माणूस झोपल्यावर ती दोनेक सेंमी बसते, म्हणून 56 धरा. पलंगाकडची कॉटची बाजू पूर्ण उघडी ठेवायची नाही, तिथे बुटका कठडा हवा. युरोपात 2019 च्या मानकाने बेडसाइड कॉटच्या या बाजूलाही किमान 12 सेंमी उंची ठरवून दिली. ही उंची बाळाची गादी घातल्यावर वर उरलेली मोजा, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होईल. कठड्याचा माथा तुमच्या गादीच्या बरोबरीला, 56 वर. त्याखाली 12 सेंमी सोडून बाळाच्या गादीचा वरचा पृष्ठभाग 44 वर, आणि 5 सेंमीची गादी वजा करता तळाची फळी 39 वर. उरलेल्या तीन बाजू बाळाच्या गादीच्या 30 सेंमी वर, म्हणजे 74 पर्यंत न्या. तुमच्या पलंगाचे आकडे वेगळे असतील. तेव्हा गादीवर कुणालातरी झोपवून टेप लावा आणि हीच बेरीज-वजाबाकी करा.

सुतार म्हणतील, 12 सेंमीचा कठडा कशाला, हात पोचायला अडचण. पोचतो. मनगट सहज ओलांडून जातं, आणि तुम्ही कुशीवर वळलात तरी तुमची वाकळ किंवा दंड बाळावर जात नाही.

कठड्याच्या उभ्या पट्ट्यांमधली जागा पावणेदोन ते सव्वादोन इंच. त्याहून रुंद ठेवली तर बाळाचे पाय आणि कंबर बाहेर निसटते आणि डोकं अडकतं. कोपऱ्याच्या खांबांवर गोंडे, कळस, काही नको. नक्षीच्या टोकाला गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत अडकतो. दोरा मनगटाला बांधा म्हणणं घरात पटलं नाही तर निदान झोपवताना गळ्यातून काढायचा, यात सवलत नाही.

तळाला 12 मिमी प्लाय, तिला हवेसाठी बोटभर भोकं. पार्टिकल बोर्ड नको, खानापूरच्या पावसात तो फुगतो आणि स्क्रू सोडून देतो. जोड नट-बोल्टचे घ्या, नुसत्या खिळ्यांचे नकोत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आक्रसतं आणि खिळा ढिला होतो. बोल्ट महिन्यातून एकदा पान्याने आवळता येतो. वर चपड्याचं पॉलिश पुरे, मात्र ते किमान दोन आठवडे उघड्या हवेत वाळू द्या. गणपतीची तारीख असेल तर कॉट आषाढातच तयार हवा.

पलंगाला कॉट धरून ठेवण्यासाठी डोक्याकडे आणि पायाकडे एकेक एल-पट्टी, दोन्हीकडे बोल्टने. बॉक्सच्या पलंगाची लाकडी कड बऱ्याचदा गादीच्या चार-पाच सेंमी बाहेर येते. तेव्हा तुमची गादी कॉटच्या बाजूला सरकवून कठड्याला भिडवा आणि मोकळी जागा भिंतीकडे जाऊ द्या. फटीत चादरी कोंबून काम भागवायचं नाही. त्या रात्रीत सरकतात, वर येतात आणि स्वतःच धोका होतात. सगळं झालं की कॉटमध्ये 25 किलोची तांदळाची पिशवी एक रात्र ठेवा, सकाळी गुडघ्याने ढकला. फळी वाकली किंवा फट उघडली तर सुतारांना परत बोलवा.

बेडसाइड कॉट भेट मिळाली. आमचा पलंग लोखंडी, खाली मोकळा. सोबत दोन लांब पट्टे आले आहेत, ते कुठे बांधायचे कळत नाही. (निपाणी)

ते पट्टे हाच कॉटचा जीव. बऱ्याच घरी ते पिशवीतच राहतात, कारण कॉट त्यांच्याशिवायही उभी राहते. पट्टा गादीखालून पलंगाच्या आरपार न्यायचा, पलीकडच्या लोखंडी आडव्या पाइपला गुंडाळायचा आणि बकल लावून ओढायचा. जवळच्याच पाइपला बांधला तर तो सैल पडतो. माहितीपत्रकात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. चाकं असतील तर आधी कॉट भिडवा, मग चाकांचे ब्रेक, मग पट्टे. या क्रमाने केलं नाही तर ओढताना कॉट तिरकी होते आणि एका टोकाला तीन बोटं फट राहते. दोन्ही पायांची उंची एकाच खाचेत आहे का, ते रोज रात्री बघा. एक पाय खालच्या खाचेत घसरला की बाळ उताराच्या बाजूला घरंगळतं.

कॉटसोबतची गादी पातळ आहे म्हणून वर दुसरी गादी किंवा दुपटं दुमडून घालू नका. कठड्याची उंची तेवढी कमी होते.

सासरी कलघटगीचा रंगीत पाळणा आहे, तीसेक वर्षांचा. आत्ती म्हणतात, सगळी पोरं यातच वाढली, नाहीतर झोळी बांधू. नवीन कॉट कशाला? (शहापूर, बेळगाव)

धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगीचे पाळणे म्हणजे मिरवण्याची वस्तू, बारशाला तो हवाच. पण रोजच्या रात्रीसाठी दोन गोष्टी तपासा. पट्ट्यांमधलं अंतर वर दिलं आहे, ते टेपने मोजा. दुसरा रंग. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. तुमचा पाळणा त्याआधीचा. त्यावर नंतर कुणी बाजारातला ऑइलपेंट मारला असेल आणि त्याचे पापुद्रे निघत असतील, तर दात येऊ लागलेलं बाळ कठडा चावणार आणि ते पोटात जाणार. घासून काढायलाही जाऊ नका, ती धूळ जास्त वाईट.

दोन्ही तपासण्यांत पास झाला तर दिवसा पाळणा वापरा. झोका थांबला की तळ सपाट राहतो का, तेवढं बघा. झोळीचं मात्र तसं नाही. साडीच्या झोळीत पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. मोठं माणूस समोर जागं बसलं असेल तेवढा वेळ ठीक. घर झोपलं की झोळी रिकामी. आत्तींना हे समजावताना साडीची गोष्ट बोलू नका, हनुवटीची बोला. बाळाला झोळीत ठेवून त्यांनाच दाखवा, दिसतं.

आणि कॉट असो की पाळणा, आत काय काय जातं तेही बघा. मोहरीची उशी, दोन्हीकडचे तक्के, कडेने लावायच्या गाद्या, भरतकामाचं जाड दुपटं, हे सगळं बाहेर. अमेरिकेने कठड्याला लावायच्या असल्या फुगीर पट्ट्या 2022 च्या कायद्याने विकायलाच बंदी केली. बाळ उताणं, सपाट गादीवर, एक ताणून बसवलेली चादर. डोकं गोल व्हायला बाळ जागं असताना पोटावर खेळवा, उशी त्यासाठी लागत नाही.

आम्ही सगळे खाली अंथरूण घालून झोपतो, पलंग नाही. पावसात जमिनीला ओल येते, मुंग्या, कधी विंचू. बाळासाठी काय करावं? बाळंतिणीला शेक द्यायला शेगडीही असते. (जांबोटी)

तुमच्याकडे बेडसाइड कॉट निरुपयोगी, आणि तिच्यासाठी पलंग विकत घेऊ नका. बुटकी, चार बाजूंनी कठडा असलेली लाकडी खाट घ्या, फळी जमिनीपासून वीत-दीड वीत उंच, आणि ती आईच्या अंथरुणापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर ठेवा. जांबोटीच्या ओलीत खालून हवा खेळली नाही तर आठ दिवसांत गादीला बुरशी धरते. रोज सकाळी गादी उभी करून ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी उलटीपालटी वाळवा.

मुंग्यांसाठी चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत चांगली. फक्त ते पाणी दोन दिवसांनी ओता, नाहीतर डासांची अंडी तिथेच. भिंतीला खाट टेकली किंवा चादरीचं टोक जमिनीला लागलं की वाट्यांचा काही उपयोग नाही, मुंगी आणि विंचू तिथून चढतात. मच्छरदाणी आढ्याला टांगून आई आणि बाळ दोघांवर एकच घ्या. छत्रीसारखी छोटी जाळी बाळाच्या तोंडावर कोसळू शकते.

शेगडीबद्दल स्पष्ट सांगतो. पाऊस म्हणून दारं-खिडक्या बंद, आत निखारे, वर ओवा-शेपाची धुरी. धूर दिसतो तरी, निखाऱ्यांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आईला शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आहे. निखारे हवेतच असतील तर पडवीत, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि रात्री शेगडी घरात नको. बाळाला आपल्याहून कपड्याचा एक थर जास्त, एवढंच. मानेच्या मागे हात लावा, घाम असेल तर एक थर काढा. वजन कमी असलेल्या बाळाचं गणित वेगळं, ते डॉक्टरांना विचारूनच.

सिझेरियन होणार आहे. कॉट पलंगाच्या कोणत्या टोकाला लावावी? (चिकोडी)

डोक्याकडच्या टोकाला. पलंग 190 सेंमीचा आणि कॉट 120 ची असेल तर पायाकडे 70 सेंमी मोकळे राहतात, तिथून पाय खाली सोडून उठता येतं. संपूर्ण बाजू कॉटने अडवली तर टाके असताना पायथ्याकडून सरपटत उतरावं लागतं, पहिल्या आठवड्यात ते कठीण. उठताना आधी कुशीवर वळा, मग कोपरावर भार. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर पलंगावरच पाजा, सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत नको. जाग आल्याबरोबर बाळ कॉटमध्ये.

किती महिने चालेल? (खानापूर, वरच्याच वाचिका)

बाळ हातांवर छाती उचलू लागलं, गुडघ्यांवर येऊ लागलं किंवा बसू लागलं, यातलं जे आधी होईल तोवर. साधारण पाच-सहा महिने. त्यानंतर 12 सेंमीचा कठडा त्याला अडवत नाही. सुतारांना आत्ताच सांगून ठेवा: तळाच्या फळीसाठी भोकांची दुसरी रांग 14 सेंमीवर पाडा आणि बुटक्या कठड्याच्या जागी बसेल अशी पूर्ण उंचीची चौथी बाजू करून ठेवा. फळी खाली उतरवली की 74 पर्यंत 60 सेंमी खोली मिळते आणि तोच कॉट पुढे दीड-दोन वर्षं चालतो. चौथी बाजूही बोल्टनेच बसवायची. खालीवर सरकणारी बाजू करून देतो म्हणाले तर नको म्हणा. असले कॉट अमेरिकेत 2011 पासून विकता येत नाहीत, कारण सरकपट्टी झिजली की कठडा एका टोकाने सुटतो आणि बाळ त्या फटीत जातं.