कडक गादी, काथ्याची गादी की मेमरी फोम? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेत राहतो. सुताराकडून करून घेतलेला स्टोरेजचा बेड आहे, ७२ बाय ६०, त्यावर १२ वर्षांपूर्वीची काथ्याची गादी, तिला मधोमध खड्डा पडलाय. मिस्टरांची कंबर सकाळी धरलेली असते, जरा चाललं-फिरलं की सुटते. सासरे म्हणतात कडक गादी घ्या नाहीतर सरळ फळीवर झोपा. दुकानात गेलो तर ऑर्थोपेडिक, लॅटेक्स, मेमरी फोम, स्प्रिंग, डोकंच चालेना. बजेट २० हजार आहे. काय घेऊ?

उत्तर : सकाळी धरते आणि हालचाल केल्यावर सुटते म्हणताय, म्हणजे खड्ड्याच्या गादीवर संशय घ्यायला हरकत नाही. पण पायात मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल तर आधी डॉक्टर, गादीचं नंतर बघू.

आता फळीचं. हा सल्ला आपल्या घराघरात आहे आणि सगळे तो मायेपोटीच देतात, पण तो बरोबर नाही हो. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, अर्ध्यांना कडक गादी दिली, अर्ध्यांना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी मध्यमवाल्यांची कंबर जास्त सुधारली होती. कारण सोपं आहे, कुशीवर झोपलं की खांदा आणि खुबा थोडे आत जायला लागतात, फळीवर ते जात नाहीत, मग कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर पाठ वाकडी. खड्ड्याच्या गादीत उलटं होतं, कंबरच खाली जाते. आपल्याला हवंय ते या दोन्हीच्या मधलं.

ऑर्थोपेडिक हा शब्द कंपनीने कव्हरवर छापलेला असतो, डॉक्टरने नाही, त्यामुळे त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. विचारायचं ते हे, आत कुठले थर आहेत, प्रत्येक किती इंचाचा आणि फोमची डेन्सिटी किती. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटी म्हणजे त्या फोमचा एक घनमीटर ठोकळा ४० किलो भरतो, इतकंच, पण फोम जितका भरीव तितका तो उशिरा बसतो. ७२ बाय ६० ची सहा इंची गादी सगळी ४० च्या फोमची असेल तर साधारण १७ किलो भरते, २८ ची असेल तर १२. दुकानदाराला वजन करायला सांगा, लाजू नका, आपण २० हजार मोजतोय. फक्त खाली रीबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला थर असेल तर हा हिशोब चालत नाही, तो मुळातच जड असतो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ पडतो, म्हणून छान वाटतो, पण डोंबिवलीच्या मे महिन्यात तोच घाम काढतो, वरचा एखादा इंच असला तर पुरे, अख्खी गादी नको. काथ्या हवेशीर असतो हे खरं, पण एकदा बसला की बसला, तुमच्याकडे दिसतंयच. तुमच्या बजेटमध्ये मी चांगल्या डेन्सिटीच्या फोमची साधी सहा इंची मध्यम कडक गादीच घेतली असती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात कुणी सांगत नाही. जुनी गादी काढा आणि बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मधे दोरी आणि प्लायमध्ये फट दिसली तर प्लायच खाली गेलाय. मी स्वतः हे न बघता नवी गादी आणली होती, चार महिन्यांत पुन्हा तोच खड्डा, दुकानदाराशी भांडून झालं आणि मग कळलं की दोष बेडचा होता. सुताराला बोलवून खाली एक आडवी पट्टी मारून घ्या, तो आलाच आहे तर प्लायला इंचा-इंचाची भोकं पण पाडून घ्या, बंद बॉक्सवर पावसाळ्यात गादी खालून ओल धरते आणि बुरशी येते. माप पण तेव्हाच टेपने नीट घ्या, सुताराचे बेड बरेचदा अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे असतात आणि मापाने करून घेतलेली गादी सहसा परत घेत नाहीत.

दुकानात दोघांनी जा आणि दोघांनी एकदम झोपून बघा, नेहमीच्या कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं. टोकाला बसून हाताने दाबून काही कळत नाही.

प्रश्न : आईने लग्नात दिलेल्या कापसाच्या दोन गाद्या आहेत, दगडासारख्या झाल्यात. मुलं म्हणतात टाकून द्या. पिंजारी तर आता दारावर येतच नाही. काय करावं?

उत्तर : टाकू नका, मनापासून सांगते. कापूस दबलाय, मेला नाहीये. दारावर पिंजारी येत नसला तरी बऱ्याच गावांत गादी कारखाना असतो, तिथे मशीनवर कापूस पिंजून देतात. जाताना गादीचं वजन करून न्या, आल्यावर पुन्हा करा, धूळ जाऊन थोडं कमी भरणारच पण निम्मं कमी झालं तर प्रश्न विचारा. शक्य असेल तर पिंजून होईपर्यंत तिथेच थांबा म्हणजे आपलाच कापूस आपल्या गादीत येतो. टाके जवळजवळ घालून घ्या, लांब टाक्यांत कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. कापूस कुबट वासाचा झाला असेल, ओल लागून काळा पडला असेल तर मात्र तो भाग काढून टाका आणि नवीन मिसळा. नंतर खोळ घाला आणि एप्रिल-मेचं कडक ऊन दोन्ही बाजूंनी दाखवा, पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी दहा इंची जाड मऊ गादी घ्यायचं चाललंय, आराम पडेल ना?

उत्तर : थांबा, अजून घेऊ नका. त्यांना खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंतची उंची मोजा. बेड आणि गादी मिळून, त्या बसल्यावर जेवढी दबते तेवढी सोडून, उंची साधारण तेवढीच यायला हवी, इंचभर जास्त चालेल. उंच झालं तर पाय लोंबकळतात आणि रात्री बाथरूमला उठताना घसरायची भीती, कमी झालं तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर. बेड १४ इंचांचा असेल तर दहा इंची गादी त्यांना नक्कीच उंच होणार. फार मऊ पण नको, रुतलेल्या माणसाला कूस बदलायला जोर लागतो. गादीची कड मजबूत आहे का ते त्यांनाच कडेला बसवून बघा, कारण त्या रोज तिथूनच उठणार आहेत. दुकानात त्यांना रिक्षाने घेऊन जा, त्रास होईल थोडा, पण झोपायचंय त्यांना, पसंत त्यांनीच करू दे.