कॅसरोलात कॅसरोल शिजवायचं कसं?

एका अनुवादिकेचा प्रश्न असा आहे : ‘मी एका पाककृतीचा मराठी अनुवाद करते आहे. चिकन आणि भाज्या झाकणाच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये शिजवायच्या. कामावरून दमून आल्यावर रात्री करता येईल असा सोपा, पोटभरीचा पदार्थ. मूळ नाव कॅसरोल, ते मी तसंच ठेवलं. आईने वाचलं आणि म्हणाली, “अगं, कॅसरोल ओव्हनमध्ये ठेवलास तर वितळेल ना!” आता काय लिहू? ‘भट्टीपाक’ कसं वाटतं?’ सोबत त्यांनी अनुवादाचा कच्चा खर्डाही पाठवला आहे. त्यातल्या दोन-तीन ओळींकडे नंतर येतो.

आधी आईंची बाजू घेतो, कारण त्यांचं काही चुकलेलं नाही. मराठीत कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम राहाव्यात म्हणून वापरायचा तो जाड भिंतींचा, घट्ट झाकणाचा डबा. शब्दाचा अर्थ लोक ज्या वस्तूला तो लावतात त्यावरून ठरतो, परभाषेतल्या कोशावरून नाही. घरात तो डबा रोज समोर असताना ‘कॅसरोल १८० अंशांवर ठेवा’ असं वाचणाऱ्याला प्लास्टिक वितळल्याचा वास आला, तर तो दोष लिहिणाऱ्याचा.

आता गंमत बघा. या शब्दाचं मूळ भांड्यातच आहे, पदार्थात नाही. फ्रेंच भाषेत ‘कास’ म्हणजे पळी किंवा लहान पातेलं, त्याला प्रत्यय लागून कॅसरोल झालं. ‘कास’च्या मागे दक्षिण फ्रान्समधला ‘कासा’, त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला ‘कातिया’, आणि बहुतेकांच्या मते त्याच्याही मागे ग्रीक ‘क्याथोस’, म्हणजे द्रव पदार्थ काढून घ्यायचा पेला. (दुधाची कासंडी आठवली ना? मलाही आठवली होती. पण ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. ती सोयरीक सोडून द्या.) आजही फ्रेंच स्वयंपाकघरात कॅसरोल मागितलंत तर हातात लांब दांड्याचं साधं पातेलं पडेल, चिकन मिळणार नाही. स्पॅनिशमध्ये तेच ‘कासेरोला’ झालं, आणि त्यावरून ‘कासेरोलासो’, म्हणजे रस्त्यावर उतरून पातेली बडवत केलेला निषेध. चिलीमध्ये १९७१ साली आणि अर्जेंटिनात २००१ साली ही पातेली इतकी वाजली की शब्द थेट जगाच्या बातम्यांत गेला. थोडक्यात, हा शब्द जन्मभर भांडंच होता. त्यात पदार्थ शिजवला तो इंग्रजीने.

आणि यात इंग्रजीने काही जगावेगळं केलं नाही. आपल्या शाळेच्या व्याकरणात शब्दशक्तींच्या धड्यात ‘बाबा ताटावर बसले’ हे उदाहरण असतं. बाबा ताटावर बसत नाहीत, जेवायला बसतात, हे सहावी-सातवीतल्या मुलालाही कळतं. ही लक्षणा. भांडं बोलायचं आणि आतलं अन्न समजून घ्यायचं. स्पेनमधला पाएया हा कढईसारख्या पसरट भांड्याच्या नावावरून आला, उत्तर आफ्रिकेतलं ताजीन हे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यावरून, फ्रेंच तेरीनही मातीच्या भांड्यावरूनच. जे झाकून, सावकाश, एकाच भांड्यात शिजतं त्याला वेगळं नाव द्यायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. आत काय काय पडेल ते त्या दिवशी घरात काय आहे त्यावर ठरतं, भांडं मात्र तेच असतं. मग नाव भांड्याचंच पडणार.

आपण त्याच भांड्याचं झाकण आणि ऊब तेवढी घेतली आणि शिजणं वगळलं. म्हणून एका शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले.

खुद्द इंग्रजीतही या पदार्थाबद्दल एकमत नाही, आणि अनुवादकाला हे माहीत असायलाच हवं. ब्रिटनमध्ये कॅसरोल म्हणजे भरपूर रसात, झाकण लावून, ओव्हनमध्ये सावकाश शिजलेलं मांस आणि भाज्या. तेच चुलीवर केलं की स्ट्यू. फरक आचेच्या दिशेचा. स्ट्यूला आच खालून लागते, कॅसरोलला चहूबाजूंनी. अमेरिकेत कॅसरोल म्हणजे बहुधा पसरट, उघड्या भांड्यातला प्रकार. दाट सॉसने सगळं एकजीव केलेलं, वर चीजचा किंवा ब्रेडच्या चुऱ्याचा खरपूस थर, चमच्याने खणून वाढायचं. डब्यातल्या सूपने हा सॉस आणखी सोपा केला. कॅम्पबेल कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी १९५५ साली तयार केलेलं फरसबीचं कॅसरोल तिकडे अजून घरोघर होतं. मिनेसोटाच्या बाजूला तर लोक कॅसरोल हा शब्दच बाजूला ठेवून सरळ ‘हॉटडिश’ म्हणतात. तुमच्या खर्ड्यात झाकण आहे, रस आहे आणि वरचा थर नाही. म्हणजे तुमचं कॅसरोल ब्रिटिश वळणाचं. हे ठरलं की पुढची क्रियापदं आपोआप ठरतात.

आता ‘भट्टीपाक’. मनापासून सांगतो, नको. पाक म्हटलं की मराठी जिभेवर साखर येते, एकतारी की दोनतारी एवढाच प्रश्न उरतो. आणि भट्टी म्हटलं की एकतर पाव आठवतात, नाहीतर हातभट्टी. ‘कुक्कुट-शाक-व्यंजन’ असंही कुणीतरी सुचवेल. व्यंजन म्हटल्यावर मराठी माणसाला क, ख, ग आठवतात, त्याला इलाज नाही. ‘कालवण’ जवळचं आहे, पण कालवण हे कशात तरी कालवण्यासाठी असतं. कॅसरोल एकट्यानेच जेवण पुरं करतं.

एक शब्द मात्र मला खरोखर मोहात पाडतो : पुटपाक. आयुर्वेदात ताजी पानं वाटून त्याचा गोळा करायचा, तो पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि विस्तवात ठेवायचा. आतल्या आत शिजलं की पिळून रस काढायचा. बाहेरून काही दिसत नाही, जे होतं ते आत. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात रामाच्या करुण रसाला याच पुटपाकाची उपमा दिली आहे, कारण त्याची व्यथाही बाहेर फुटत नाही, आत कोंडून दाटत राहते. झाकणबंद शिजण्याला याहून नेमका शब्द नसेल. पण दमून घरी आलेल्या माणसापुढे जेवायला रामाचा शोक वाढू नये, म्हणून हा शब्द मी जड मनाने परत फडताळात ठेवतो.

माझं उत्तर साधं आहे. शब्द कॅसरोलच ठेवा, फक्त त्याचं लिंग बदला.

डबा पुल्लिंगी आहे : तो कॅसरोल, कारण तो डबा. पदार्थाला नपुंसकलिंगी करा : ते कॅसरोल. मराठीला ही सोय नवी नाही. तो माळ वेगळा आणि ती माळ वेगळी, तो वात अंगात शिरतो आणि ती वात समईत जळते. शब्द एकच, लिंग फिरलं की वस्तू फिरते. शिवाय चिकन, मटण, कालवण ही सगळी नपुंसकलिंगीच मंडळी. त्यांच्या पंगतीत ‘चिकनचं कॅसरोल’ अवघडल्यासारखं दिसत नाही. तुमच्या खर्ड्यात ‘चिकनचा कॅसरोल’ होतं, आणि आईंना डबा दिसला तो त्या ‘चा’मुळे, अशी माझी दाट शंका आहे. पहिल्या उल्लेखाला एक ओळ जोडा : ‘झाकणाच्या जाड भांड्यात, ओव्हनमध्ये सावकाश शिजवलेलं चिकन आणि भाज्या.’ भांड्याला मात्र कॅसरोल म्हणू नका. ‘ओव्हनमध्ये चालणारं झाकणाचं भांडं’ लांब वाटलं तरी त्याने कुणाचा डबा वितळत नाही.

सप्तमीबद्दल विचारलं नव्हतं, तरी सांगतो. ‘कॅसरोलमध्ये’ बरोबर आहेच, पण ‘कॅसरोलात’ म्हणायला लाजू नका. ग्लासात, कपात, डब्यात म्हणतोच की.

‘चिकन’ ठेवलंत हे बरं केलंत. ‘कोंबडीचं कॅसरोल’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण आज बहुतेकांच्या बोलण्यात कोंबडी अंगणात असते आणि चिकन ताटात. इंग्रजीने जिवंत मेंढीसाठी घरचा शब्द ठेवला आणि तिच्या मांसासाठी फ्रेंच ‘मूताँ’ उचलला, त्याचंच पुढे आपल्याकडे मटण झालं. तीच विभागणी आपण इंग्रजी शब्द घेऊन केली.

खरं काम क्रियापदांत आहे. तुमच्या खर्ड्यात चार ठिकाणी ‘बेक करा’ आहे आणि दोन ठिकाणी ‘उकळा’. बेक करण्याला मराठीत भाजणं म्हणतात हे ठीक, पाव भाजतात, विटाही भाजतात. पण झाकणाखाली, रसात बुडालेलं चिकन भाजत नाही, शिजतं. तेव्हा झाकण आहे तोवर ‘शिजवा’, झाकण काढल्यावर ‘वरून खरपूस होऊ द्या’.

‘उकळा’चं दुखणं मी स्वतः भोगलं आहे. एकदा अशाच पाककृतीत मी घाईत ‘४० मिनिटे उकळू द्या’ लिहून दिलं. माझ्या एका मित्राने शब्दाला जागून ४० मिनिटं खळखळून उकळलं. चिकनचे दोरे झाले, बटाट्याचं पीठ झालं, आणि त्याने मला फोन करून ‘हे खायचं की खिडक्यांच्या फटी बुजवायच्या?’ असं विचारलं. मूळ पाककृतीत अपेक्षा होती ती मंद आचेची, पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा येईल एवढीच. आपल्याकडे या पायऱ्यांना शब्द आहेत. पाणी खळखळतं, दाट रस रटरटतो, आणि खदखदायला लागला की आच कमी करायची वेळ झालेली असते. कॅसरोलला फार तर हलकं रटरटणं चालेल, त्यापुढे नाही. मांडीच्या मांसात सांधणाऱ्या ऊती जास्त असतात, त्या सावकाश विरघळून रस दाट होतो. जोरात उकळलं तर त्या विरघळायच्या आधीच स्नायूंचे धागे आवळून पाणी बाहेर टाकतात. म्हणून ‘उकळा’ आणि ‘शिजू द्या’ यांतला फरक नुसता शैलीचा नाही, जेवण बिघडण्याचा आहे.

भाज्या किती शिजल्या हे सांगायला तुम्ही ‘मऊ होईपर्यंत’ लिहिलंय. ‘बोटचेपे’ वापरा. बटाट्याची फोड बोटात चेपली जावी, पण मोडू नये. हा शब्द आता बहुधा सरकारच्या धोरणालाच लावला जातो. त्याला पातेल्यात परत आणायला कुणाची हरकत नसावी.

‘आठवड्याच्या रात्रींसाठी जेवण’ ही खर्ड्यातली ओळ वाचून मी थांबलो. आठवड्याच्या रात्री सातही असतात, त्यात रविवारही आला. म्हणायचंय ते कामाच्या दिवसाबद्दल. मराठीत यासाठी ‘आडदिवस’ आहे. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, असा दिवस. आडवाटेतला, आडवेळेतला तोच ‘आड’. ‘आडदिवशीच्या रात्रीसाठी चिकन-भाज्यांचं कॅसरोल’, हे तुमचं शीर्षक. फार जुनं वाटलं तर ‘कामाच्या दिवशी’ लिहा. तेही चालेल, फक्त त्यात मजा नाही.

आता शेवटची पायरी, नमुन्यादाखल माझ्या शब्दांत : ‘४० मिनिटांनी झाकण काढा. चिकनच्या सगळ्यात जाड भागात तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं असेल आणि गाजरात सुरी सहज शिरत असेल, तर मटार घाला आणि झाकण न लावता आणखी १० मिनिटं ठेवा. रस चमच्याला धरायला लागला की बाहेर काढा.’ यापुढे तुम्ही लिहिलंय, ‘कॅसरोलला दहा मिनिटे विश्रांती द्या.’ विश्रांती दमलेल्या माणसाला द्यायची, कॅसरोलला नव्हे. तिथे लिहा, ‘दहा मिनिटं निवू द्या.’

आणि हाच शब्द तुमच्या त्या अडलेल्या विशेषणासाठीही घ्या, जिथे तुम्ही ‘सांत्वनदायक भोजन’ लिहून पुढे स्वतःच प्रश्नचिन्ह टाकलंय. सांत्वनाला लोक दुःखाच्या घरी जातात. थंड देशांतल्या भाषांत सुख ऊबदार असतं. आपल्याकडेही मायेला ऊब असते, पण भूक भागून बरं वाटलं की मराठी माणसाचा जीव निवतो. वाफाळतं जेवण जेवून जीव निवतो म्हणायचं, यात आपल्याला काही विसंगत वाटतही नाही. ‘जीव निववणारं’ लिहा. उच्चाराला जरा अडखळतं, पण आईंना कळेल.