पाच लाखांत शर्यतीचा बैल घेऊन घरचीच टीम उभी केली, तर बक्षिसातून खर्च निघेल का?

नाही निघत. आमचा शर्यतीचा बैल हरण्या दावणीला आल्यापासून आमच्या घरी हिशेबाची वही मी लिहितो, म्हणून ठाम सांगतो. 2022 च्या उन्हाळ्यापासून 2024 च्या जानेवारीपर्यंत आम्ही 41 मैदानं, म्हणजे शर्यती, केली. 17 वेळा गट, म्हणजे पहिली फेरी, पास झालो, 6 वेळा फायनलला राहिलो. बक्षिसातला आमचा वाटा आला 1 लाख 64 हजार. वैरण, भरडा, दूध-अंडी, पिकअपचं भाडं, प्रवेश फी आणि औषधं मिळून खर्च झाला 3 लाख 70 हजार. यात आईची पहाटे चारची मेहनत आणि आम्हा भावांचे पडलेले खाडे धरलेले नाहीत. पैसा बैल पळवण्यात नाही, विकण्यात आहे. फायनलला दोनदा दिसला की गिऱ्हाईक आपल्या पायानं गोठ्यात येतं. पण घरच्या पोरासारखा वाढवलेला बैल घरच्या टीमला विकवत नाही. आम्हाला सात लाखांची मागणी आली होती. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आलेल्यांना चहा पाजला आणि परत लावलं.

तुमच्या प्रश्नात मी अडकलो ते दुसऱ्याच वाक्यापाशी. तुम्ही लिहिलंय, "वडील, थोरला भाऊ आणि मी. भावाला गाडी हाणता येते, बाहेरचा माणूस लागणार नाही, म्हणजे भांडणं नाहीत." आमचंही अगदी असंच होतं. अण्णा बैलाची पारख करणारे, दादा ड्रायव्हर, मी सुट्टीला, म्हणजे बैल तोंडाशी धरून झेंडा पडताच सोडायला. चुलतभाऊ पिकअप चालवायचा. त्यामुळं हे लिहिताना मी तुमच्याशी बोलतोय का आमच्या दादाशी, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

आमचं गाव साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं. पाऊस नाही, पण खिलार जातीचं जनावर आहे. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आजूबाजूच्या गोठ्यांतली चांगली चांगली जनावरं बाजारात गेली. 2017 ला विधानसभेनं कायदा केला, आम्ही गुलाल उधळला, आणि हायकोर्टानं लगेच स्थगिती दिली. अण्णांनी त्या सगळ्या काळात दावण मोकळी पडू दिली नाही. 2021 च्या पावसाळ्यात आटपाडीकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून हरण्या आणला तेव्हा तो दहा महिन्यांचं खोंड होता, किंमत 38 हजार. बंदी चालूच होती. लोक म्हणाले, म्हातारा खुळा झालाय. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा अण्णा गोठ्यात गेले आणि हरण्याच्या कपाळाला भंडारा लावून तिथंच बसून राहिले. पुढं 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला, तोवर हरण्या आदत (दुधाच्या दातांच्या बैलांची) मैदानं मारून दुसा, म्हणजे दोन दाती, झाला होता. हे मुद्दाम सांगतोय. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली गोष्ट होती ही, आणि ती आम्ही एका रात्रीत घालवली.

2024 चा जानेवारी. गावाचं नाव सांगत नाही, कमिटीतली माणसं अजून भेटतात. ओपन मैदान, म्हणजे कोणत्याही वयाचा बैल चालतो, पहिलं बक्षीस 1 लाख 11 हजार. गाड्या झाल्या 231, सात-सातचे 33 गट. पत्रिकेवर सकाळी नऊ छापलं होतं, पहिला झेंडा पडला साडेअकराला, कारण पाहुण्यांचे सत्कार उरकत नव्हते. तेव्हाच मी अण्णांना म्हणालो, आज फायनलला अंधार पडणार. 33 गट, सहा सेमी, एका झेंड्याला आठ-दहा मिनिटं. हिशेब कोणालाही येतो. अण्णा म्हणाले, आधी गट तर निघू दे.

गट निघाला, दोन कासरे (दोराच्या लांबीइतकं अंतर) राखून. पैरा, म्हणजे दुसऱ्याच्या बैलाशी जोडी, होता शेजारच्या तालुक्यातल्या एका मालकाच्या बैलाशी, तो बाहेरून पळायचा, आपला आतून. दोघांचा मेळ असा बसला होता की बघणारे म्हणत, ही एकाच गोठ्यातली जोडी आहे का? सेमी आमची पहिलीच, सव्वापाचच्या सुमाराला. तीही मारली. बैल घामानं निथळत होते. पाठीवर झूल टाकली, हळूहळू फिरवलं, थोडं पाणी दाखवलं.

आणि मग पाचव्या सेमीत दोन गाड्या बरोबरीत आल्या. एक म्हणतो माझ्या बैलाचं शिंग पुढं, दुसरा म्हणतो माझ्या बैलाची नाकाडी. पंचांनी व्हिडिओ बघितला, मग दुसऱ्या बाजूचा बघितला, मग दोन्ही गावची माणसं स्टेजवर चढली. तास गेला. शेवटी निकाल काय, तर दोन्ही गाड्या फायनलला. म्हणजे सहाच्या जागी सात. नव्यानं चिठ्ठ्या टाकल्या आणि आमची आली कडेची सातवी फाटी, म्हणजे गाडी पळायची पट्टी.

ही सातवी फाटी गटाच्या वेळी पळती होती, तिथं माणसं नव्हती. सेमीला तिथून गाडी पळाली नव्हती, त्यामुळं पब्लिक आत सरकत सरकत तिच्यावरच येऊन उभं राहिलं होतं. त्या बाजूला ओळीनं पिकअप आणि ट्रॅक्टर लावलेले. साडेसातला कमिटीनं माइकवरून पुकारलं, सगळ्या गाडीवाल्यांनी हेडलाइट लावा, फायनल आत्ताच घ्यायची.

मी तेव्हा जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण नंतर त्याचे दहा अर्थ काढले गेले. मी दादाला म्हणालो, "दादा, बैल गार पडलाय. दोन तास झाले उभा हाय. पायात गोळा येईल. आणि ह्या लाइटीत त्याला फाटी दिसायची न्हाय. आपण बैल काढून घेऊ." दादा म्हणाला, "पैरेवाल्याला काय सांगू? माझा भाऊ भ्याला म्हणून?" पैऱ्याचा मालक तिथंच होता. तो बोलला काहीच नाही, नुसता बघत राहिला. अण्णा दोघांच्या मधे. त्यांनी हरण्याच्या पायावरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढी एक पळवा, मग महिनाभर दावणीला बांधू."

ज्यानं जनावर अंधारात पळवलंय त्याला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही नवे आहात म्हणून सांगतो. बैलाचे डोळे कडेला असतात. त्याला आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, समोरची खोली नीट कळत नाही. दिवसा ज्या मातीवरून तो डोळे झाकून जातो, त्याच मातीवर हेडलाइटनं माणसांच्या लांब सावल्या पडल्या की त्याला ते खड्डे वाटतात. घरी गोठ्याच्या दारात सावलीची रेघ पडली तरी जनावर थबकतं, हे तुम्ही बघितलंच असेल. इथं तर तो जीव तोडून पळत असतो.

सुट्टीला मी होतो. हरण्याच्या तोंडाशी मी, पैऱ्याच्या बैलाच्या तोंडाशी त्याचा माणूस. झेंडा पडला. सोडलं. पहिल्या निम्म्या पल्ल्यात आम्ही दुसऱ्या नंबरला होतो, माइकवाल्यानं आमच्या गावाचं नाव दोनदा घेतलं. मग उजव्या अंगाला कोणीतरी एका पिकअपची लाइट अप्पर केली. मला मागून फक्त एवढं दिसलं की हरण्यानं मान फिरवली. गाडी आत ओढली गेली, फाटी सुटली, चाक शेजारच्या फाटीच्या बांधावर चढलं आणि छकडा उलटा. दादा उडून पडला. पैऱ्याचा बैल जू तोडून पुढं निघून गेला. हरण्या जागेवर उठून उभा राहिला, पुढचा उजवा पाय वर धरून.

मी तिथपर्यंत किती वेळात पोहोचलो ते आठवत नाही. अण्णा माझ्या आधी पोहोचले होते, 67 वर्षांचा माणूस. दादा मातीत बसून गळ्याजवळचं हाड दाबून धरत होता आणि म्हणत होता, "माझं राहू दे, बैल बघा, बैल बघा."

जनावराचा डॉक्टर सेमी संपल्या संपल्या निघून गेला होता. परवानगीच्या कागदावर डॉक्टर होता, मैदानात नव्हता. रुग्णवाहिका होती, तिनं दादाला नेलं. आम्ही फळी लावून हरण्याला पिकअपमधे चढवला. तो तीन पायांवर चढला, एकदाही अडला नाही. घरी पोहोचायला साडेअकरा वाजले. अख्ख्या रस्त्यात अण्णा मागं त्याच्याजवळ उभे होते, त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून, म्हणजे गचके बसले तर त्याचा भार खांद्यावर येऊ नये. दारात आई उभी होती. तिनं आधी दादाचं विचारलं, मग हळद तापवायला ठेवली. वहिनी काहीच बोलली नाही. तिनं त्या दिवसापासून शर्यतीचा विषय घरात काढू दिलेला नाही, आणि मला ती बरोबर वाटते.

दादाचं हाड दोन महिन्यांत जुळलं. हरण्याचं हाड मोडलं नव्हतं. सकाळी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की खांद्यावरची शीर दुखावली आहे. चालेल, पण त्या बाजूचं मांस झडत जाईल. तसंच झालं. आता तो चालतो, चरतो, उजवा खांदा बसलेला दिसतो. चौसा, म्हणजे चार दाती, होता, पळायची वर्षं पुढंच होती.

आता दादाचं म्हणणं. तो दोन वर्षं सगळ्या पाहुण्यारावळ्यांत सांगत आलाय की झेंडा पडला तरी मी हरण्याला धरून ठेवलं. मनात पळवायचं नव्हतंच, म्हणून हात सुटला नाही, त्यामुळं पैऱ्याचा बैल आधी निघाला, जू तिरकं झालं आणि तिथूनच गाडी ओढायला लागली. मी हे कित्येकदा ऐकून घेतलं. लग्नात ऐकलं, तेराव्याला ऐकलं. पण मैदानातल्या एका पोरानं काढलेला व्हिडिओ माझ्याकडं आहे. तो मी थांबवून थांबवून पाहिलाय. झेंडा खाली येतो त्याच वेळी माझे दोन्ही हात वर आहेत. दोन्ही बैल एकदम निघालेत. निम्म्या पल्ल्यापर्यंत जू सरळ आहे. उशिरा सोडलं असतं तर निम्म्या पल्ल्याला दुसरा नंबर कुठून आला असता? दादाला तो व्हिडिओ दाखवायला मी तीनदा गेलो. त्यानं फोन हातात घेतला नाही.

मला मैदान नको होतं हे खरं. पण एकदा सुट्टीला उभा राहिलो की मी कोणाचाच भाऊ नसतो, मी त्या बैलाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस असतो. मन आणि हात वेगळे ठेवता येत नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं मला तिथं उभं करायला नको होतं.

तर तुमच्यासाठी. घरची टीम करा, पण बैल काढून घ्यायचा निर्णय कोणाचा, हे बैल घ्यायच्या आधी ठरवा आणि चार माणसांसमक्ष ठरवा. आमच्यात तो कोणाचाच नव्हता. ड्रायव्हरकडं तो कधीच देऊ नका, कारण गाडीवर बसायला निघालेल्या माणसाला मागं फिरता येत नाही. जो बैलाला रोज चारतो त्याच्याकडं द्या. पैरा करताना मालकाला आधीच सांगून टाका की दिवस मावळला की आमचा बैल पिकअपमधे. याच्यानं काही पैरे तुटतील, तुटू द्यात. मैदानात उतरल्यावर पहिल्यांदा डॉक्टर कुठं बसलाय ते बघा आणि फायनलच्या आधी पुन्हा बघा. तो गेला असेल तर तुम्हीही निघा. नियमाप्रमाणं शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पल्ला हजार मीटरच्या आत हवा, काठी-चाबूक चालत नाही. हे सगळं आमच्या त्या मैदानात पाळलेलं होतं, तरीही हे झालं.

पाच लाखांचंही सांगतो. एवढ्या पैशात तयार बैल मिळेल, पण तो कोणीतरी का विकतोय ते शोधून काढा. खोंड घ्या, दीड वर्ष घाला. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेला जा, आधी नुसतं बघायला.

आणि हो, मी सगळं आमच्याकडच्या मैदानाबद्दल लिहिलंय. जुन्नर, आंबेगाव, खेडकडचा घाट वेगळा. तिथं चार बैल, पुढं घोडी, गाड्यावर माणूस नाही आणि सगळा हिशेब सेकंदाचा. तिकडचे असाल तर तिकडच्या गाडामालकांना विचारा. शिवाय सगळ्या कमिट्या सारख्या नसतात. गेल्या वर्षी मी नुसता बघायला गेलो होतो त्या मैदानात पाचला फायनल संपली होती आणि डॉक्टर शेवटची पिकअप भरेपर्यंत थांबला होता.

अण्णा आता पुन्हा एक खोंड बघून आलेत. दादा म्हणतो घेऊ. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, सुट्टीला मी उभा राहीन, पण आधी दादानं तो व्हिडिओ बघायचा.