मूळ पाप, पापाचे मूळ आणि ‘ऐकणे’

प्रश्न असा आहे : “मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. फादरांच्या प्रवचनात ‘मूळ पाप’ आणि ‘आज्ञाभंग’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले. मूळ पाप म्हणजेच पापाचे मूळ का? आणि आज्ञाभंग हा शब्द कायदेभंगासारखा, कचेरीतला का वाटतो?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, खरी गंमत तिथे आहे.

कायदेभंग, हक्कभंग, शपथभंग. ‘भंग’ जोडला की आधी काहीतरी कलमवार लिहिलेले असते आणि कोणीतरी ते मोडते, असे चित्र उभे राहते. बायबलातले पहिले जोडपे आदाम आणि हव्वा ज्या एदेन बागेत राहत होते, तिथे तसले काही नाही. या झाडाचे खाऊ नको, एवढे एक देवाचे सांगणे होते. ते ऐकले गेले नाही. ‘ऐकले नाही’ हेच तिथले नेमके मराठी.

आपल्याकडे ‘पोरगा ऐकत नाही’ म्हटल्यावर कोणी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. ‘आईचा आवाज ऐकला’ आणि ‘आईचे ऐकले’ यांत केवढे अंतर आहे, आणि ते सगळे त्या ‘चे’वर तोललेले आहे. बायबलाच्या जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही ‘शामा’ या एकाच क्रियापदात ऐकणे आणि मानणे दोन्ही आहे. बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायात ते दोन्ही अर्थांनी फार जवळजवळ येते. आठव्या ओवीत, चुकलो, वचनात, देव बागेत फिरत असता त्याचा आवाज दोघे ऐकतात आणि लपतात. सतराव्या वचनात देव आदामाला म्हणतो, तू बायकोचे ऐकलेस. आवाज ऐकला देवाचा आणि ऐकले दुसऱ्याचेच! (जाता जाता : आठव्या वचनातल्या त्या वेळेला मराठी बायबलात ‘शिळोप्याची वेळ’ म्हटले आहे. उन्हे कलल्यावरच्या निवांतपणाला याहून गोड शब्द मला माहीत नाही.)

‘आज्ञाभंग’ आणि ‘आज्ञापालन’ ही जोडी प्रवचनात येते ती बहुधा ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रातून, अध्याय 5, वचन 19. एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील, असा तिथला आशय. पहिला एक आदाम, दुसरा ख्रिस्त. पौलाचे ग्रीक शब्द आहेत ‘पाराकोए’ आणि ‘हुपाकोए’, आणि दोन्हींच्या पोटात ‘ऐकणे’ आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘पारा’ म्हणजे बाजूला. म्हणजे हुपाकोए हे खाली राहून, नमून ऐकणे. आणि पाराकोए म्हणजे चक्क कानाआड करणे. संस्कृत समास घेतल्याने शब्दांना भारदस्तपणा आला, कान मात्र गेला. ‘आज्ञा पाळणे’ला मी तितका दोष देणार नाही. हिब्रू ‘शामार’ म्हणजे राखणे. बाग राखायलाही तेच क्रियापद आणि आज्ञा राखायलाही तेच. आपणही गाई पाळतो आणि शब्दही पाळतो.

आता मूळ पाप. फळ खाल्ल्याच्या त्या अख्ख्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. बायबलात तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत, दाराशी टपून बसलेल्या जनावरासारखा. ‘मूळ पाप’ ही संज्ञाही बायबलातली नव्हे. ती लॅटिनमधून आली आणि रुळवली ती लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या धर्मपंडित संत ऑगस्टीनने (354–430). रोमकरांस 5:12 चा त्याच्यापुढचा लॅटिन पाठ ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत होता, म्हणजे आदामाच्या ठायी सगळेच पापी. ग्रीकचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा घेतात, आणि आपले मराठी बायबलही ‘पाप केल्यामुळे’च म्हणते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आदामाकडून मर्त्यपणा आला असे मानतात, त्याचा दोष वारशाने येतो असे नाही.

म्हणून दोन्ही शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत. ‘पापाचे मूळ’ विचाराल तर उत्तर गर्व, अविश्वास, देवाचे न ऐकणे असे काहीतरी येईल. ‘मूळ पाप’ ही कृती नव्हे, अवस्था आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो की ते केलेले नसते, लाभलेले असते. त्याला पाप म्हणायचे ते साधर्म्याने. मराठीत पाप करतात, फेडतात, त्याचा घडा भरतो. मूळ पापाला यांतले एकही क्रियापद लागत नाही, आणि ऐकणारा अडखळतो तो इथेच. ‘जन्मजात पाप’ म्हणावे असे मलाही एकदा वाटले होते. पण आपल्या कानांना लगेच पूर्वजन्मीचे पाप ऐकू येते, आणि तो हिशेबच निराळा. तेव्हा ‘मूळ पाप’च बरे. तुमच्या मैत्रिणीच्या बाळाने काही केलेले नसतानाही त्या दिवशी तो शब्द निघाला, तो याच अर्थाने.