१९व्या किलोमीटरनंतरची रिक्षा

प्रिय मुली,

रविवारी तुझा मेसेज आला तेव्हा मी कांदा चिरत होते. हात पुसून दोनदा वाचला. ‘काकू, मॅरेथॉनच्या सरावात आज २६ किलोमीटर करायचे होते, १९ला खाली बसले. रिक्षाने घरी आले. मी पळणार म्हणून वसतिगृहासाठी ज्यांनी पैसे दिलेत त्यांना आता काय तोंड दाखवू?’ लगेच फोन केला असता, पण तू रडली असतीस आणि मी समजूत काढत बसले असते. मला समजूत काढायची नाही, काही नीट सांगायचंय. म्हणून लिहिते.

आधी त्या १९ किलोमीटरचं बोलू. तुझ्या घड्याळाचा फोटो मी मोठा करून पाहिला. पहिले सहा किलोमीटर तू सव्वासहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या वेगाने गेलीस. तुझा लाँग रनचा, म्हणजे आठवड्यातल्या लांब पल्ल्याच्या सरावाचा पेस साडेसातचा आहे, आपण तो ठरवला होता. निघालीस सहा चाळीसला, तेही ऑक्टोबरात. आठ वाजता घोडबंदर रोडवर ऊन कसं चटकतं ते तुला माहीत आहे. पोटात चहा आणि दोन बिस्किटं. हातात पाण्याची एक बाटली, ती बाराव्या किलोमीटरला रिकामी. आता सांग, यात मनाची ताकद कुठे कमी पडली?

स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो मोजकाच असतो. जोरात पळालं की भराभर जळतो. सावकाश पळालं की चरबीही जळायला येते आणि साठा पुरतो. फुल मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास लोक भिंतीवर आदळल्यासारखे थांबतात, ते याच कारणाने. तुझी भिंत १९ला आली, कारण तू साठा पुरेसा भरला नव्हतास आणि पहिल्या तासात उधळलास. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, गूळ, जे तुझ्या पोटाला मानवेल ते. पाण्यात मीठही हवं. आपल्याकडच्या दमट हवेत तासाभरात टीशर्ट पिळून काढावा लागतो, तेव्हा नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचंच. आणि पेससाठी घड्याळाकडे पाहू नकोस. शेजारून पळणारीला आज भाजी काय केली हे एका दमात सांगता आलं, तर पेस बरोबर आहे.

आता पैशांचं. ही गोष्ट तुझ्या डोक्यात चुकीची बसली आहे आणि ती मला काढायचीच आहे.

शहापूरकडच्या त्या मुलींच्या वसतिगृहासाठी तू दीड लाख जमवायचे ठरवलेस, त्यातले चौऱ्याण्णव हजार जमलेही. ते पैसे लोकांनी वसतिगृहाला दिलेत. तुझ्या वेळेला नाही, तुझ्या मेडललाही नाही. ते संस्थेकडे जातात, देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळते, व्यवहार तिथे पूर्ण होतो. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी तू साडेपाच तासांत आलीस, सहा तासांत आलीस की आलीच नाहीस, तरी तिथल्या मुलींच्या ताटातलं काही कमी होत नाही. पैशांचं खातं वेगळं, पायांचं खातं वेगळं. ही दोन खाती एकत्र केली की माणूस दुखऱ्या पायावर पळतो.

मी पळले आहे. पळायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं तरी कळ यायची. बेचाळीस जणांनी पैसे दिले होते. त्यांची नावं मी फ्रिजवर लावली होती, रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना वाचायची. थांबणं म्हणजे त्यांना फसवणं असं वाटायचं. डिसेंबरात हाडाला बारीक चीर निघाली. आठ आठवडे पळणं बंद, शर्यत गेली. मग मी यादी घेऊन एकेकाला फोन केला. एकानेही पैसे परत मागितले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधले पाचशे दिले होते, त्यांना सांगायला मी जिना धरून उतरले. त्यांनी दार उघडलं, माझं प्लास्टर बघितलं आणि आधी खुर्ची ओढली. पाचशे रुपयांचा विषय निघालाच नाही. त्या यादीचा कागद मी त्याच दिवशी फ्रिजवरून काढला.

दुसऱ्यांच्या पैशावर पळण्याची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्यासाठी स्वतःच्या खिशात हात घातला. त्या संघात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ पेक्षाही लांब होती, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोचले आणि १९वे आले. पदक नाही. तरी १९२४ला पॅरिसला पुन्हा खेळाडू गेले, आणि दोराबजी पुढे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. एकोणिसावा आकडा तुलाही या रविवारी भेटला, म्हणून हे आठवलं.

तू विचारशील, मग अवघड दिवशी पळायचं कशाच्या जोरावर? वसतिगृहाची आठवण काढून? पहिला अर्धा तास ती पुरते, पुढे नाही. पंचविसाव्या किलोमीटरला डोक्यात मोठं काही राहत नाही. तेव्हा फक्त पुढचा विजेचा खांब बघायचा. दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. चालणं ही हार नाही, मी आजही पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी मिनिटभर चालते. मुंबईच्या शर्यतीत परतीला पेडर रोडचा चढ मी असाच काढला. पस्तीसेक किलोमीटर झालेले, पाय लाकडाचे, बाजूला सोसायटीतली लहान मुलं वाटीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभी. मी एकेका झाडापर्यंतच पाहत होते. चढ संपला हे मला उतार लागल्यावर कळलं.

आणि काही दिवस अंथरुणातूनच उठवत नाही. त्या दिवशी ठरवायचं की फक्त बूट घालून गेटपर्यंत जायचं. दहा मिनिटं पळूनही पाय जडच वाटले तर खुशाल परत ये. बहुतेक वेळा तू परत येणार नाहीस. पण कळ एकाच जागी टोचत असेल, पळताना वाढत असेल, तर गेटसुद्धा नाही, सरळ डॉक्टरकडे.

आणखी एक, हे आपल्याला कुणी सांगत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली स्वतःला आळशी समजत होत्या आणि रक्तात लोह नव्हतं. पाळीचा पहिला दिवस रविवारी आला तर लाँग रन मंगळवारी ढकल, त्याने काही बिघडत नाही.

उरलेल्या छप्पन्न हजारांसाठी ग्रुपवर फॉरवर्ड टाकणं थांबव. रोज दोघांना फोन कर. त्याआधी एका शनिवारी वसतिगृहात जाऊन ये, मुलींच्या पंगतीला जेव, त्यांना काय लागतं ते विचार. मग फोनवर काय बोलायचं ते तुझं तुला सुचेल.

राहिलेले सात किलोमीटर या आठवड्यात भरून काढायचे नाहीत. येत्या रविवारी २०च, मग २४, मग २६. त्यानंतर एक आठवडा १८वर उतरायचं, शरीराला सावरायला. डिसेंबरात २८, ३० आणि नाताळच्या आसपास एकदा ३२. त्यापुढे लाँग रन वाढवायचा नाही, शेवटचे तीन आठवडे कमी कमी करत जायचं. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये फुकट मिळालेलं एनर्जी जेल नाही.

रविवारी पहाटे पावणेपाचला उपवन तलावाच्या गेटपासून पळायला लागू. घरून एकटी निघू नकोस, तुझ्या घराखाली मी घ्यायला येते. रात्री वरण-भात पोटभर खा, सकाळी केळं. मीठ-साखरेचं पाणी आणि खजूर मी आणते. पहिले सहा किलोमीटर माझ्या मागे राहायचंस, पुढे जायचं नाही.

तुझी,
काकू