पहिल्या पटकथेसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न : मी आमच्या मंडळासाठी आणि स्पर्धांसाठी एकांकिका लिहितो. आता सीमाभागातल्या एका कुटुंबावर चित्रपटाची पटकथा लिहायला घेतली आहे. पात्रे मराठी बोलतात, पण बाजारात आणि कचेरीत कन्नड संवादही येतात. फायनल ड्राफ्ट हे पटकथालेखनाचे सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय निर्माता पटकथा हातात धरणार नाही, असे एक मित्र सांगतो. माझा विंडोजचा लॅपटॉप जुना आहे आणि गावात नेटवर्कचा भरवसा नाही. मी काय घ्यावे?
— एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे हॉलिवूडपुरते बरेचसे खरे आहे. तिथे फायनल ड्राफ्ट वर्षानुवर्षे रुळलेले असून त्याची फाइल पुढे चित्रीकरणाचे वेळापत्रक आखणाऱ्यांनाही थेट वापरता येते. ते वेळापत्रक आखण्याची वेळ आपल्यावर यावी अशी शुभेच्छा. तूर्त मात्र नव्या लेखकाची पटकथा बहुधा पीडीएफ स्वरूपात वाचली जाते आणि ती कशातून काढली याची चौकशी कोणी करत नाही. पहिल्याच पटकथेसाठी डॉलरमधली किंमत मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापुढची खरी अडचण देवनागरीची आहे. पटकथालेखनाची बहुतेक साधने रोमन लिपी गृहीत धरून घडलेली आहेत. २०१२ साली पुढे आलेली फाउंटन ही मोफत लेखनपद्धत पाहा : साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे, नोटपॅडही पुरते, इंटरनेट लागत नाही. पण संपूर्ण ओळ कॅपिटल अक्षरांत असली की ते पात्राचे नाव, असे ती ओळखते आणि आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. त्यामुळे ‘सुमन’ हे नाव आणि तिचा संवाद, दोन्ही वर्णनात मिसळून जातात. उपाय सोपा आहे. नावाआधी ईमेलमधले ‘ॲट द रेट’ चिन्ह आणि दृश्याच्या शीर्षकाआधी एक टिंब द्यावे. अशी फाइल नंतर स्टोरी आर्किटेक्टसारख्या, लॅपटॉपवरच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाने मांडता येतात.

चिन्हांचा कंटाळा असेल तर लिब्रेऑफिस रायटर हा मोफत लेखन-प्रोग्रॅम उत्तम. त्यात दृश्यशीर्षक, वर्णन, पात्र आणि संवाद अशा चार स्टाइल, म्हणजे परिच्छेदाच्या ठरीव मांडण्या, एकदाच तयार कराव्यात आणि ‘पात्र’नंतरची स्टाइल ‘संवाद’ अशी नेमून द्यावी, म्हणजे नाव लिहून एंटर दाबताच कर्सर संवादाच्या जागी जातो. फाँट निवडताना पुष्कळ जण इथेच अडतात : रोमन मजकुराचा फाँट आणि देवनागरी-कन्नडसारख्या लिपींचा फाँट तिथे वेगवेगळ्या रकान्यांत असतो, आणि पहिलाच बदलला तर मराठी मजकूर आहे तसाच राहतो. विंडोजमधला निर्मला यूआय हा फाँट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो, म्हणून आपल्या कथेला सोयीचा. तरीही कन्नड संवाद देवनागरीत लिहून खाली मराठी अर्थ द्यावा, असे मी सुचवेन. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कन्नड लिपी वाचता येईलच असे नाही.

रायटरड्युएट आणि सेल्टेक्स या पटकथालेखनाच्या आणखी दोन साधनांचा भर ऑनलाइन कामावर आहे, त्यामुळे आपल्या नेटवर्कवर ती सोडून द्यावीत.

काहीही निवडले तरी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीतच, टाइप करावा. डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली पटकथा दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसते. आधी अर्धे पान लिहून त्याची पीडीएफ काढावी, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडावी आणि ‘वाऱ्यावर’, ‘क्षुब्ध’, ‘दृष्ट्या’ यांसारखे शब्द तुटतात का ते पाहावे. तुटले तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेले असो, आपल्या कामाचे नाही.

एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा ठोकताळा बारा पॉइंटच्या कुरिअर फाँटवर बेतलेला आहे. तो देवनागरीला जसाच्या तसा लागू होत नाही. लांबी मोजण्यासाठी एकांकिकेच्या वाचनाला बसता तसे बसून, घड्याळ लावून, दृश्ये मोठ्याने वाचावीत आणि संवाद नसलेल्या हालचालींसाठीही तेवढा वेळ थांबावे.

पटकथा बाहेर पाठवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन तिची ऑनलाइन नोंदणी करता येते. ते काम बेळगावात नेटवर्क चांगले असेल तेव्हा उरकावे.