थोडे पैसे घेतच नाहीत, मग भरू कसे?

"पूर्ण हप्ता असेल तर बोला, नाहीतर फोन ठेवा." वसुली एजंटचं हे वाक्य माझ्याकडे मदतीसाठी आलेल्या एका ताईंनी मला तीनदा ऐकवलं, तिन्ही वेळा त्याच्याच सुरात. कामाचे तास घटून पगार निम्म्यावर आला होता, वैयक्तिक कर्जाचे चार हप्ते थकले होते. हप्त्याचा तिसरा हिस्सा दरमहा द्यायला त्या तयार होत्या, पण एजंट ऐकत नव्हता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

असं झालं की माणूस म्हणतो, घेतच नाहीत तर भरायचं कशाला? मग हातातले पैसे इकडेतिकडे जातात आणि पुढच्या महिन्यात तेवढेही उरत नाहीत.

मी विचारलं, "नाही कोण म्हणालं? कर्ज देणारी संस्था की फोनवरचा माणूस?" ताई गप्प झाल्या. संस्थेशी त्या बोलल्याच नव्हत्या. बाहेरच्या वसुली एजन्सीला बहुधा वसूल रकमेवर कमिशन मिळतं, वर महिन्याचं टार्गेट. छोट्या रकमेत एजंटला रस नसतो. शिवाय जोर लावला की माणूस कुठून तरी उसने आणून हप्ता भरतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ताईंनीही एकदा आणले होते, बहिणीकडून. हे मला दुसऱ्या भेटीत कळलं, त्या वही पिशवीत ठेवत असताना.

त्या वहीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. भाडं, वीज, किराणा, औषधं आधी मांडली, मग जमा. बेरीज झाल्यावर लक्षात आलं की तिसरा हिस्साही झेपणारा नाही. "मग हा आकडा आला कुठून?" "कमी सांगितलं तर अजून ओरडतील म्हणून." खरा आकडा निघाला पाचवा हिस्सा. लाज वाटली तरी हाच लिहायचा, असं मी सांगितलं. मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकलात, तर पुढचं पत्र कोणी गांभीर्याने घेत नाही.

पत्र एक पानाचं झालं, थेट संस्थेच्या नावे. कर्जखाते क्रमांक, अडचणीचं कारण, जमाखर्चाचा तक्ता, दरमहा किती आणि कोणत्या तारखेला भरणार, दंड थांबवण्याची विनंती आणि लेखी उत्तराची मागणी. उत्तराची वाट न पाहता त्या ठरलेली रक्कम संस्थेच्या अधिकृत मार्गाने थेट कर्जखात्यात भरू लागल्या. एजंटच्या वैयक्तिक खात्यात एक पैसाही नाही, आणि प्रत्येक पावती जपून.

काही गोष्टी मी आधीच स्पष्ट केल्या. असे पैसे अनेकदा आधी दंडात, मग व्याजात वळते होतात, त्यामुळे मुद्दल तसंच राहू शकतं. ते कसे वळते करणार, हे पत्रातच विचारायचं. थोडं भरलं म्हणून संस्थेचा कोर्टात जायचा हक्क संपत नाही. आणि कर्ज फार जुनं असेल तर आधी वकिलाला विचारावं, कारण अनेक देशांच्या कायद्यात थोडी रक्कम भरली किंवा कर्ज लेखी मान्य केलं की संस्थेला कोर्टात दावा करण्याची मुदत नव्याने मोजली जाते. ताईंचं कर्ज ताजं होतं, तो प्रश्न नव्हता.

फोनसाठी एकच वाक्य ठरवलं: "प्रस्ताव लेखी दिलाय, उत्तरही लेखी द्या." माझ्यासमोर सराव करताना त्या दर वेळी सुरुवातीला "माफ करा" जोडायच्या. ते काढायला अर्धा तास गेला.

पहिल्या पत्राला छापील नकार आला. तीन महिन्यांच्या पावत्या जोडून दुसरं पाठवलं, तेव्हा हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळाली. एकूण व्याज वाढणार, हे कळल्यावर ताई वैतागल्या, आणि ते रास्तच होतं. तरी सही केली.

बहिणीचे पैसे अजून बाकी आहेत. परवा वहीत पाहिलं, ते परत करायची तारीख दोनदा खोडलेली होती.